पांढऱ्या चादरीवरची हळद

हळद शिजू लागली की सगळ्या शिवाराला एक दमट, मातकट, किंचित कडसर वास येतो. माघ सरता सरता आमच्या हट्टा गावाच्या रानात कढया चढतात, वाफेचे पांढुरके लोट आंब्याच्या मोहोरातून वाट काढत वर जातात, आणि त्या दिवसांत जिचा तळहात पिवळा नाही अशी बाई एक तर पाहुणी असते नाही तर आजारी. पुढे वाळवण, पॉलिश, दळण. वैशाख उजाडला तरी नखांच्या कडांत, टाचांच्या भेगांत, पदराच्या काठांत हळद मुरून बसलेलीच असते. ती पाण्याने जात नाही, साबण लागला तर उलट लालभडक होते, आणि उन्हात टाकली की आपली आपण उडून जाते. हे आमच्याकडे कुणी कुणाला मुद्दाम शिकवत नाही. भाकरी थापता थापता जसा हात बसतो, तसं ते अंगात येतं.

हळदीचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही. मला एका माणसाचा राग आला आहे. हा राग गेल्या वैशाखात, पुण्यातल्या एका हॉटेलच्या पायरीवर आला, आणि मी स्वभावाने तापट असले तरी माझा राग दुधासारखा वर येतो आणि फुंकर मारली की खाली बसतो, असं घरचे म्हणतात. हा मात्र बसला नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, नव्या हळदीच्या काढणीला बायका लागल्या, तरी मध्येच भाजी चिरताना किंवा वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असताना तो माणूस आठवतो आणि हातातला खडू मोडतो.

आम्ही तिघी गेलो होतो. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि उरलेल्या वेळात बचत गटाचं काम बघते. नर्मदाकाकू माझी चुलत सासू. साठी ओलांडलेली, जिभेला हाड नसलेली, आणि हळकुंड नुसतं मोडून आवाजावरून ते वाळलं की नाही ते सांगणारी. तिसरी सुमी. ती वारंगा फाट्यापलीकडच्या तांड्यावरची, पण सुगीत दरवर्षी हळद वेचायला आमच्याकडे येते, आणि दोन लेकरांची आई असूनही चेहऱ्यावर अजून शाळकरी कुतूहल आहे. बायकांच्या गटांच्या मालाचं एक प्रदर्शन पुण्यात भरणार होतं, तिथे आमच्या हळदीला एक गाळा मिळाला, आणि आम्ही पोत्यांसकट वसमतहून ट्रॅव्हल्समध्ये बसलो. काकूने आयुष्यात पहिल्यांदा इतका लांबचा प्रवास केला आणि वाटेत लागलेल्या प्रत्येक गावाच्या विहिरीला नावं ठेवली.

हॉटेल प्रदर्शनापासून बरंच दूर, एका गल्लीत होतं. खोली लहान, खिडकी होती, पण ती उघडली की समोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. मात्र पलंगावरच्या चादरी अशा पांढऱ्याशुभ्र की काकू त्यांवर बसायलाच तयार होईना. आमच्या घरात पांढरं अंथरूण कुणी घालत नाही, हळदीच्या मुलखात ते परवडतच नाही. शेवटी रात्री अंग टेकावंच लागलं, आणि सकाळी उठून पाहतो तो काकूच्या उशाशी तिच्या हाताचा पंजा स्पष्ट उमटलेला, पिवळाजर्द. काकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या घरात घाण ठेवून जायचं नाही, हा तिचा जन्माचा नेम. हॉटेल म्हणजे घर नव्हे, हे तिला पटवून देण्यात अर्थ नव्हता. मी आंघोळीला गेले तेवढ्यात तिने चादरीला साबण चोळला आणि ती तशीच, न खळबळता, खिडकीजवळच्या खुर्चीवर पसरून ठेवली. घरीही ती हेच करते: साबण लावायचा, कपडा गच्चीवर उन्हात टाकायचा आणि संध्याकाळी खळबळायचा. डाग कुठे गेला ते कळतसुद्धा नाही. त्या खोलीत ऊन येतच नाही, ही गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. खोलीत खिडकी आहे आणि तिच्यातून ऊन येत नाही, असं काही असू शकतं, हे आम्हांला सुचणार तरी कसं?

तो दिवस गाळ्यावर फार छान गेला. येणाऱ्या बायका हळद चिमटीत धरून हुंगत, आणि काकू त्यांना अशा थाटात माहिती सांगे की जणू सगळं पुणं तिच्या माहेरचं आहे. दुपारी सुमी माझ्या कानाशी आली आणि पुटपुटली, "ताई, मला आली." तिची पाळी तारखेच्या चार दिवस आधीच आली होती, बिचारीने सोबत काही आणलं नव्हतं. शेजारच्या गाळ्यावरच्या बाईने गुपचूप लागेल ते दिलं. आता अडचण काकूची. काकूच्या घरी त्या दिवसांत सून माजघरात पाऊल टाकत नाही, कामाला आलेली बाई ओसरीवर चढत नाही, आणि हळदीच्या वाळवणावर तर तिची सावलीही पडू देत नाहीत. सुमी आपली आपण गाळ्याच्या मागे पोत्यांपासून दूर जाऊन बसली. काकूने दोनदा मान वळवून पाहिलं, समोर गिऱ्हाईकांची ही गर्दी, माझे एकटीचे दोन हात, मग ती खेकसली, "उठ गं सुमे, बसून काहून राहिली? हितं कुटं कावळे हायेत शिवायला!" आम्ही तिघीही हसलो. पण सुमी हसता हसता माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या त्या बघण्यात काय होतं ते तेव्हा मी नीट पाहिलं नाही.

रात्री गाळा आवरून निघायला फार उशीर झाला. उरलेली हळद पुन्हा पोत्यांत भरताना आम्ही तिघी डोक्यापासून पायापर्यंत पिवळ्या झालो होतो, आणि त्यामुळे असेल किंवा आमच्या बोलण्यामुळे असेल, एकही रिक्षावाला थांबेना. एक थांबला, त्याने आम्हांला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि "सीट खराब होईल" म्हणून निघून गेला. तेव्हासुद्धा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण परक्या गावी रात्रीच्या वेळी बाईमाणसाला राग गिळावा लागतो. वैशाखातली रात्र होती. दिवसभर तापलेलं डांबर पायांखाली अजून कोमट होतं, कुठल्याशा बंगल्याच्या कुंपणावरून मोगऱ्याचा आणि त्याच्याच शेजारच्या गटाराचा वास एकमेकांत मिसळून येत होता, आणि त्या एवढ्या रुंद रस्त्यावर दिव्यांचा नुसता पूर असूनही ओळखीचं असं काही म्हणजे काही नव्हतं. आमच्याकडे रात्र झाली की अंधार होतो आणि त्या अंधारात प्रत्येक घर आपल्या आवाजाने ओळखू येतं; कुणाचं कुत्रं, कुणाचा खोकला, कुणाच्या गोठ्यातली घंटा. इथे सगळं लख्ख दिसत होतं आणि काहीच ओळखू येत नव्हतं. सुमी पोटाला हात लावून चालत होती, मध्येच थांबत होती. "थोडंच राहिलं," मी म्हणत होते, "गेलो की पड, गरम पाणी मागवते." हे मी तिला वाटभर सांगत राहिले. तेवढ्या एका खोलीच्या आणि गरम पाण्याच्या ओढीवर आम्ही ते शहर तुडवत होतो.

हॉटेलचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. पायऱ्यांवर, चपलांच्या मांडणीशेजारी, आमच्या तीन पिशव्या ठेवलेल्या दिसल्या. ठेवलेल्या तरी कशाला म्हणू, टाकलेल्या होत्या. काकूच्या पिशवीतून तिची चोळी आणि चष्म्याचं घर बाहेर आलं होतं. शटरखालून वाकून मी आणि माझ्यामागून काकू आत गेलो, तर मॅनेजर म्हणून जो माणूस सकाळी 'मॅडम, चहा घेणार का' असं गोड बोलला होता, तो आता काउंटरमागे उभा, आणि काउंटरवर एका पारदर्शक पिशवीत ती चादर. साबण सुकून डाग लालभडक झाला होता.

"मॅडम, लेडीज असून तुम्हाला एवढं कळू नये?" तो म्हणाला. "असे दिवस होते तर आधी सांगायचं ना. आम्ही रूम दिलीच नसती. इथं फॅमिलीवाले येतात. रूम धुवून घेतली आम्ही. आता तुम्ही दुसरीकडे बघा."

त्याचे हे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेसे वाटतात, कारण त्यांतला एकेक शब्द मला अजून खुपतो. फॅमिलीवाले येतात! म्हणजे आम्ही कोण? कुठल्या झाडावरून पडलो? ज्या फॅमिलीवाल्यांच्या धास्तीने तो खोली धुवून घेत होता, त्या फॅमिल्यांत बायका नसतात का, आणि त्या बायकांना पाळी येत नाही का? हा गृहस्थ स्वतः आकाशातून टपकला होता की काय? रूम धुवून घेतली म्हणताना त्याच्या कपाळावर जी आठी पडली होती ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि हे सगळं तो आवाज चढवून, बाकड्यावर पेंगणाऱ्या वॉचमनच्या आणि फोनवर बोलत उभ्या असलेल्या दोन परक्या पुरुषांच्या देखत म्हणत होता. त्यांतल्या एकाने फोन कानाला तसाच ठेवून आमच्याकडे मान वळवली, आणि आमच्या मागे शटरबाहेरून वाकून बघणाऱ्या सुमीने अंगावरची ओढणी घट्ट ओढून घेतली.

मी भडकले. भडकले म्हणजे काय, माझा तोल गेला. "हळद आहे ती!" मी म्हणाले. "आम्ही हळदवाल्या बायका आहोत, आमच्या हातांकडे बघा. उचलली जीभ लावली टाळ्याला! आमच्यात कुणालाही तसलं काही आलेलं नाही." काकूने मागून री ओढली, "व्हय बाबा, माजं वय बघून तरी बोल!" तो हसला, तो हसला याचा तर मला अजूनच संताप येतो. म्हणाला, हळद पिवळी असते मॅडम, एवढं मलाही कळतं.

मग मी जे केलं ते मला त्या क्षणी फार शहाणपणाचं वाटलं. काउंटरच्या बाजूला हात धुवायचं बेसिन होतं. मी तिथला साबण उचलला, ओल्या हातावर चोळला, आणि माझा हळदीने माखलेला तळहात सगळ्यांदेखत त्याच्यापुढे धरला. फेस लालेलाल झाला. सहावीच्या पोरांसमोर दरवर्षी मी हेच करून दाखवते आणि ती 'अबबब' करतात. तोही दोन पावलं मागे सरला. माझ्या हाताकडे, मग चादरीकडे, मग पुन्हा हाताकडे बघत त्याने पिशवी उघडली, वास घेतला, आणि त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू उलगडली. फोनवाला पुरुषही पुढे होऊन बघून गेला. "अहो, मग हे आधी सांगायचं ना," मॅनेजर म्हणाला. "हळद असेल तर काही प्रॉब्लेम नाही. हळद म्हणजे पवित्रच की. जा, जा वर. सॉरी हं, मावशी." असं म्हणून त्याने खोलीची किल्ली पुढे सरकवली.

मी जिंकले होते. छाती फुगली होती; गावी गेल्यावर हे सगळं कसं रंगवून सांगायचं, इथपर्यंत माझं मन धावलं होतं. काकूने बाहेर वाकून आपली चोळी झटकून पिशवीत कोंबली. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळून पाहिलं, तर सुमी अजून शटरबाहेरच उभी होती.

"चल की गं," मी म्हणाले.

ती वाकून आत आली, पण जिन्याकडे वळली नाही. सरळ काउंटरपाशी गेली. तांड्यावरची ही पोर, परक्या माणसाशी बोलताना जिची मान वर होत नाही, ती त्या माणसासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, चादरीवर हळद हाय, हे ताईनं बराबर सांगितलं. पन मला आज दुपारी पाळी आलीया. आत्ता बी हाय. तवा मी वर जाऊ का न्हाई, ते सांगा."

वॉचमनने बाकड्यावरून मान उचलली. काकूच दबक्या आवाजात म्हणाली, "सुमे, काहून बोलून राहिली? मिटलं ना आता सगळं."

"मिटलं न्हाई काकी," सुमी म्हणाली. "हळद आत गेली. मी भायेरच हाय."

मॅनेजरने संगणकाकडे नजर वळवली आणि तिथेच बघत पुटपुटला, "अहो, जा ना वर. कोण अडवतंय तुम्हाला?"

"तुमीच अडवलं व्हतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. "पिशव्या तुमीच भायेर टाकल्या. जाते न्हवं, पन तोंडानं सांगा. रगत असतं तर जाऊ दिलं असतं का न्हाई?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. शिकलेली बाई आहे, ही तरी मिटवेल, अशी ती नजर होती. आणि सुमीनेही माझ्याकडेच पाहिलं. दुपारी गाळ्यामागे बसून तिने जसं पाहिलं होतं तसंच. माझ्या तळहातावरचा लाल फेस आता वाळून खाजत होता, आणि मला माझंच वाक्य ऐकू येत होतं: आमच्यात कुणालाही तसलं काही आलेलं नाही. 'तसलं' म्हणाले होते मी. विज्ञान शिकवणारी मी. त्याला खोटं पाडण्याच्या भरात मी त्याच्याच बाजूने साक्ष देऊन बसले होते, की रक्त असतं तर तुमचं बरोबर होतं. संताप आला. त्याचा आला, माझा आला, त्या गुळगुळीत फरशीचा आणि त्या पांढऱ्या चादरीचाही आला. कुठल्या हक्काने हा माणूस ठरवणार की आमच्या अंगातलं काय पवित्र आणि काय नाही. आणि कुठल्या अकलेने मी ते त्याला ठरवू दिलं?

मी जिन्यावरून खाली उतरले. "तिने विचारलंय तेच मीही विचारते," मी म्हणाले. "सांगा."

तो संगणकाचा माउस उगाच हलवत राहिला. किल्ली काउंटरवर पडून होती, जिना मोकळा होता, वर पलंग होता आणि मी वाटभर सांगत आलेलं गरम पाणी होतं. सुमी वाकून पुन्हा शटरबाहेर गेली आणि पायरीवर बसली. मी तिच्याजवळ बसले. काकू आत एकटीच उभी होती. तिचे गुडघे दिवसभर उभं राहून सुजलेले, पलंगाची गरज आम्हां तिघींत तिलाच जास्त, आणि तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर 'तुमचं चालू द्या' म्हणून वर निघून गेलं असतं. तिने एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा मॅनेजरकडे, मग कण्हत कण्हत शटरखालून वाकली आणि सुमीच्या दुसऱ्या बाजूला टेकली. जाता जाता त्याला म्हणाली, "इचार करून सांग बाबा. आमाला घाई न्हाई."

रस्ता निवला होता. पलीकडच्या दुकानाच्या फळीवर एक कुत्रं कूस बदलत होतं, आणि दिव्यांच्या त्या पिवळट उजेडात आमचे सहा हात एकाच रंगाचे दिसत होते. आत मॅनेजर कुणाला तरी फोन लावत होता, कदाचित मालकाला. सुमीने पोटाशी गुडघे घेतले तशी काकूने आपली पिशवी उघडून शाल काढली, तिच्या अंगावर टाकली, आणि टाकताना तिचा हात क्षणभर सुमीच्या खांद्यावरच थबकला. चार घरांना ठाऊक असलेला, त्या दिवसांत कुणाला शिवत नाही असा तो हात होता. काकूने तो मागे घेतला नाही, पण ठेवायचा कसा हेही तिला कळत नव्हतं.

"सुमे," ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "पुढल्या सुगीत माज्या घरी आलीस, तर मला बी असंच इचारशील का गं?"

"इचारीन की," सुमी म्हणाली.

आत फोनवरचं बोलणं संपलं होतं, पण तो माणूस अजून बाहेर आला नव्हता. आणि तिथे त्या कोमट पायरीवर बसून मला कळत होतं, की उत्तराची वाट आम्ही काही एकट्या त्याच्याकडूनच बघत नव्हतो.